तांदळाच्या मडक्यातला खडा

आरियपाल खाणीवरून आला की आधी विहिरीवर जायचा. पिवळ्या चिखलाने केसांपर्यंत माखलेला असायचा. चार बादल्या डोक्यावर ओतून घ्यायचा, कमरेचा सारोंग बदलायचा आणि मग मागच्या पडवीत बसून कित्तुल ताडाच्या गुळाचा तुकडा दाताखाली धरून बिनदुधाचा चहा प्यायचा. त्या दिवशी तो विहिरीवर गेलाच नाही. तसाच पडवीशी उभा राहिला आणि करुणावतीला म्हणाला, “हात पुसून इकडे ये.”

त्याच्या तळहातावर सुपारीएवढा एक खडा होता. नदीने घासून गोल केलेला, एका बाजूला नखाएवढा खळगा, ओला असताना स्वच्छ आणि वाळला की जरा धुरकट. रंग जांभळा, पण धुऊन धुऊन विटलेल्या कापडाचा असतो तसा. करुणावतीचा सगळा जन्म रत्नपुऱ्याच्या मुलखात गेला होता, तिच्या बापाने आणि दोन्ही भावांनी खाणीतच पाठी वाकवल्या होत्या. नीलम किंवा माणिक बघून जे पोटात हलतं तसं तिला काही झालं नाही. नीलमापुढे स्वस्तातला स्पिनेल दिसतोय, ती म्हणाली. स्पिनेलच आहे, पण इल्लमात एवढा मोठा खाणीवरच्या लायनलनेसुद्धा कधी बघितला नाही, असं आरियपालने सांगितलं. चिकणमातीखाली नदीची जुनी खडी लागते तिला इल्लम म्हणतात. रत्नपुऱ्यात जे काही नशिबात असेल ते त्या थरातच असतं.

खाणीत भागीदार चार. जमीन, परवाना आणि पाणी उपसायचा पंप गुणसेकर मुदलालीचा, म्हणजे पैसेवाल्या मालकाचा; अंगमेहनत सुगतदास, लायनल आणि आरियपाल यांची. नियम सगळीकडे असतो तोच. खडा निघाला की एकाच्या घरी ठेवायचा, चौघंही हजर असल्याशिवाय विकायचा नाही, आणि ज्याच्या घरी ठेवला त्यानेच तो आपल्या हाताने बाजारात न्यायचा. मुदलाली त्या वेळी पोटाच्या ऑपरेशनसाठी कोलंबोला होता. तो परत येईपर्यंत खडा कुठेतरी राहायला हवा होता. सुगतदास पत्ते खेळायचा, लायनल प्यायचा. आरियपालचं नाव निघालं तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, कारण त्याला खोटं बोलता येत नसे. बोलायला गेला की त्याचे कान लालबुंद व्हायचे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने चोरून विडी ओढली होती आणि करुणावतीने वास यायच्या आधी कान बघून ती पकडली होती. खाणीवर ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि त्यावरून त्याची भरपूर चेष्टा चालायची.

करुणावतीने खडा चिंधीत गुंडाळला आणि तांदळाच्या मडक्यात अगदी तळाशी घातला. घरात दोघंच, मुलगी लग्न होऊन मातरला गेलेली. आपल्या नवऱ्यावर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात याचं तिला फार बरं वाटलं. हे शेजारीपाजारी बोलून दाखवता येत नाही याचं तितकंच वाईटही वाटलं.

सुरुवात सुगतदासच्या टोमण्याने झाली. एका सुट्टीच्या दिवशी तो फाटकाला सायकल टेकवून आत आला आणि म्हणाला, “काय वहिनी, आमच्या आरियाला एवढा माज कधीपासून चढला? काल बाजारात समोरून गेला, ओळखसुद्धा दाखवली नाही.”

आरियपाल तिथेच दगडावर कोयता घासत बसला होता. तो हसला. काल तो दिवसभर खाणीच्या तळाशी होता आणि वर दोर धरायला लायनल होता. सुगतदासच दाढ दुखते म्हणून दांडी मारून रत्नपुऱ्याला गेला होता. दाढेबरोबर डोळेही काढून आलास काय, असं आरियपालने विचारलं आणि दोघंही हसले. चहा झाला, गप्पा झाल्या. पण निघताना सुगतदासने अंगणातून वळून एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. ते करुणावतीला आवडलं नाही. हा माणूस आधी अफवा पिकवणार आणि मग खड्याला काही झालं की सगळं खापर आपल्या माणसावर फोडणार, हे तिने त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. नवऱ्याला तिने तसं सांगितलंही. तू उगाच कुणाच्याही नावाने बोटं मोडतेस, असं म्हणून त्याने विषय संपवला.

पौर्णिमेला तिची धाकटी बहीण पियसीली आली. रत्नपुऱ्यात जिथे रत्नांचे व्यापारी उभे राहतात त्या गल्लीच्या तोंडाशी पियसीली विड्याची पानं विकायची. दोघी विहारात फुलं वाहून परत येत होत्या. वाटेत पियसीली सहज म्हणाली, “ताई, दाजींना पांढरा शर्ट छान दिसतो हो. रोजचा कर म्हणावं.”

करुणावतीने कुठला शर्ट म्हणून विचारलं. दाजी या आठवड्यात दोनदा गल्लीत दिसले, पांढऱ्या शर्टात, भिंतीला टेकून उभे. हाक मारली तर हसले, पण पान खायला आले नाहीत. हातात काहीतरी धरून उजेडाकडे बघत होते, असं पियसीलीने सांगितलं. मग बहिणीचा चेहरा बघून तिने जीभ चावली आणि बाकीचा रस्ता ती आपल्या सासूच्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिली.

आरियपालकडे पांढरा शर्ट एकच होता, मुलीच्या लग्नात शिवलेला. करुणावतीने घरी येऊन ट्रंक उघडली. शर्ट तळाशी होता, घडीवर डांबराच्या गोळ्या जशाच्या तशा. कॉलर उलटून बघितली, बगला हुंगल्या. घाम नाही, धूळ नाही. काहीतरी सापडलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं आणि मोकळी झाली असती. काहीच सापडलं नाही म्हणून ती जास्त अस्वस्थ झाली. मडकं तपासलं. खडा जागेवर होता. तिने मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून त्याला आपली गाठ मारली, जशी तिची आई लोणच्याच्या बरणीला मारायची आणि घरात दुसऱ्या कुणाला कधी सोडवता यायची नाही. त्यानंतर भातासाठी तांदूळ काढायच्या आधी रोज ती गाठ बघायची. गाठ तिचीच असायची.

करुणावती स्वतःला संशयी समजत नसे. पण आता तो जेवायला बसला की ती त्याच्याकडे बघत बसू लागली. भातावर नारळाची चटणी, बाजूला सुक्या मासळीचा तुकडा. तो मासळी डाव्या दाढेखाली धरून चावायचा. हे पूर्वीपासूनच होतं की आता झालं? एवढी वर्षं समोर बसून जेवलेल्या माणसाबद्दल तिला हे सांगता येईना. “काय बघतेस?” तो विचारायचा. ती म्हणायची, काही नाही.

शेवटी तिने स्वतःच सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. खाणीजवळ बायकांनी जायचं नसतं, म्हणून ती सकाळी रबराच्या झाडांमागे दूर उभी राहिली. आरियपालने शर्ट काढून फांदीला टांगला, लंगोट आवळला, खाणीच्या तोंडाला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि दोराला धरून तो खाली उतरला. डोकं दिसेनासं झालं. पंप धडधडत होता. थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज आला, “ओढ.” लायनलने चिखलाची पहिली टोपली वर घेतली. एवढं बघून ती निघाली आणि रस्त्यावर येऊन तिने रत्नपुऱ्याची बस धरली.

गल्लीत उन्हं तापली होती. माणसंच माणसं, बहुतेक सगळी पांढऱ्या शर्टात, हातात घडी घातलेले कागद; कुणी कागद उलगडतंय, कुणी खडा बोटांत धरून आकाशाकडे बघतंय, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. उदबत्त्यांचा, घामाचा आणि पानाच्या पिंकांचा वास. पियसीलीच्या टोपलीपलीकडे भिंतीला टेकून तिचा नवरा उभा होता.

ती अगदी समोर जाऊन उभी राहिली, तेव्हा त्याने वर बघितलं.

“एवढ्या उन्हात कशाला आलीस?” तो म्हणाला. आवाज त्याचा, काळजीही त्याचीच.

“तुम्ही खाणीवर गेला होतात ना?”

“आज गेलोच नाही.”

तिने कान बघितले. कान जसेच्या तसे होते.

“हातात काय आहे?”

त्याने लगेच मूठ उघडली. विटलेला जांभळा रंग, एका बाजूला नखाएवढा खळगा, तोच. त्याच्या नखांकडे तिचं लक्ष गेलं. खाणीत काम करणाऱ्याच्या नखांतून पिवळी माती कधी जात नाही, लग्नाच्या दिवशीसुद्धा गेली नव्हती. ही नखं स्वच्छ होती, गुलाबी होती.

“जेवलीस का?” त्याने विचारलं. रोज विचारायचा तसंच. मग तो म्हणाला की चेहरा केवढा उतरलाय तुझा, पियसीलीपाशी सावलीत बैस, मी लिंबाचं सरबत आणतो. तो कोपऱ्यावरून वळला. ती बसून राहिली. सरबतवाला कोपऱ्याच्या अलीकडेच होता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. तो परत आला नाही.

घरी पोचल्यावर तिने आधी मडकं गाठलं. गाठ तिची. हात तांदळात कोपरापर्यंत घातला आणि चिंधी लागली. खडा आत होता, गार. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. मग विहिरीवर बादली वाजली आणि आरियपाल ओल्या अंगाने पडवीत आला.

“आज कुठे होतात?” तिने विचारलं.

“कुठे म्हणजे? खाली. तळाला पाणी फुटलं, दिवसभर उपसत होतो.” कान जसेच्या तसे. नखांत पिवळी माती.

तिला एकदम कळलं की दिवसभरात तिच्याशी कुणीच खोटं बोललेलं नाही. पन्नाशीला टेकलेली बाई, त्याच घरात आयुष्य गेलेलं; पण त्या संध्याकाळी तिला आपल्या स्वयंपाकघरात चूल पेटवायची भीती वाटली. नवऱ्याला ती काही बोलली नाही. काय बोलणार होती? तुम्हाला बाजारात बघितलं असं म्हटलं तर तो आळ होता. आणि तो खरा नव्हता हेही तिलाच माहीत होतं.

मुदलाली कोलंबोहून परत आला तो डायस नावाच्या एका रत्नतपासनीसाला बरोबर घेऊन. चौघं भागीदार आणि डायस त्यांच्या पुढच्या पडवीत बसले. करुणावतीने सगळ्यांसमोर गाठ सोडली, खडा काढून दिला आणि चहाच्या निमित्ताने दाराशीच उभी राहिली. डायसने बरोबर आणलेल्या चाकावर खड्याची एक बाजू घासून काचेसारखी केली. तिथून तो भिंग लावून बराच वेळ आत बघत बसला. मग खडा पाण्यात बुडवून तोलला, पुन्हा बघितला आणि घाम पुसला.

हा स्पिनेल नाही, तो म्हणाला. जात तीच, ऑक्साइडाचीच, कडकपणाही तेवढाच, वजनही जवळजवळ तेच. पण यात बेरिलियम नावाचा धातू असतो आणि त्याने सगळं बदलतं. याचं नाव टाफाइट. जगात आजवर जे सापडले ते मूठभर, आणि त्यातले बरेच आधी स्पिनेल म्हणूनच विकले गेले. तयार कुठल्या खडकात होतो ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही. सापडतो तो असा नदीच्या खडीत, तोही बहुतेक याच बेटावर.

“आणि ओळखायचा कसा?” लायनलने विचारलं.

डायसने भिंग पुढे केलं. खड्याच्या मागच्या अंगाला एक बारीक चीर होती. सगळ्यांनी आळीपाळीने बघितलं. सगळ्यांत शेवटी, कुणी नको म्हणायच्या आत, करुणावतीने बघितलं. आत एका चिरेच्या जागी दोन होत्या, एकमेकींना चिकटून, एक किंचित फिकी.

“यातली खरी कोणती?” तिने विचारलं.

मुदलाली हसला. डायस हसला नाही. “दोन्ही, बाई. उजेडच आत शिरल्यावर दोन वाटांनी जातो. स्पिनेलात तो एकाच वाटेने जातो.”

चहा गार झाला. मग सुगतदास हळू आवाजात म्हणाला की आता उमगलं. आरियाला हे आधीच कळलं होतं, म्हणून तो बाजारात खेपा घालत होता; गिऱ्हाईक ठरवून ठेवायचं आणि आपल्या हातावर स्पिनेलचा भाव टेकवायचा. आरियपाल उठून उभा राहिला. मुदलालीने त्याला खाली बसवलं, पण सुगतदासला मात्र आवरलं नाही. म्हणजे मुदलालीच्याही कानावर काही आलेलं होतं. लायनल साक्ष देईल, आरियपाल म्हणाला. रोज तोच दोर धरतो.

सगळ्यांनी लायनलकडे बघितलं. त्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. “दोराला वजन होतं,” तो म्हणाला. “रोज होतं. खालून आवाज यायचा. एवढंच मी सांगू शकतो.”

“एवढंच म्हणजे?” आरियपालने विचारलं. लायनल पुन्हा जमीन उकरू लागला.

तेव्हा नारळ फोडायचं ठरलं. अशा वेळी तिकडे पोलिसात कुणी जात नाही. देवळात जायचं, नाव कुणाचंच घ्यायचं नाही, फक्त कृत्य सांगायचं आणि ज्याने ते केलं असेल त्याला शाप देऊन नारळ दगडावर आपटायचा. आपला असो की परका, ज्याचं कृत्य त्याला लागतं. पुढच्या पौर्णिमेनंतर पुन्हा जाऊन दिवा लावून ती शपथ उतरवावी लागते, नाहीतर ती तशीच मोकळी हिंडत राहते. आरियपालनेच आधी होकार दिला. नारळ मीच फोडतो, तो म्हणाला.

सगळे गेल्यावर करुणावतीने त्याचा हात धरला. जाऊ नका, तिने विनवलं. खडा त्यांच्या तोंडावर फेका, आपला हिस्सासुद्धा नको, पण शपथ घेऊ नका.

“का?” त्याने विचारलं. “मी काही केलेलं नाही. मला कसली भीती?”

तिने मान खाली घातली. त्याने तिची हनुवटी वर केली. “तुला काय माहीत आहे, करुणा?”

“मी तुम्हाला बाजारात बघितलं,” ती म्हणाली. “समोर उभी राहून बोलले तुमच्याशी.”

त्याने हात काढून घेतला. तो रागावला असता तर तिला सोसलं असतं. तो नुसता बघत राहिला, सुगतदास आणि मुदलाली यांच्या ओळीत तिलाही बसवून. मग म्हणाला, “तूसुद्धा,” आणि पडवीत जाऊन बसला. तुमच्यासारखे दोघं आहेत, त्याच वेळी तुम्ही खाणीतही होतात, हे सगळं तिने मागून जाऊन सांगितलं. ऐकताना तिचं तिलाच ते खोटं वाटलं. त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

देवळात सकाळी गर्दी नव्हती. पुजाऱ्याने सांगितल्याप्रमाणे चौघांनी मिळून कृत्य बोललं: ज्याने हा खडा बाजारात नेला, त्याच्या पायांनी पुन्हा त्याच्या घराचा उंबरठा ओलांडू नये. आरियपालने नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि सगळ्या ताकदीने दगडावर आपटला. अशा नारळाच्या ठिकऱ्या उडतात, पाणी अंगावर येतं. या नारळाच्या दोन सारख्या वाट्या झाल्या आणि दगडाच्या दोन बाजूंना उताण्या पडल्या, पाण्यासकट. पुजारी त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने पुढचं तबक उचललं.

घरी आल्यावर आरियपाल उंबरठा ओलांडून सरळ आत गेला. सुगतदास फाटकापर्यंत मुद्दाम बघायला आला होता. तो मान खाली घालून परत फिरला. करुणावतीने खांबाला धरून देवाचं नाव घेतलं. शाप दुसऱ्याला लागला होता. तिचा माणूस घरात होता.

आणि मग मुदलालीला घाई झाली. एक परदेशी गिऱ्हाईक दोनच दिवस रत्नपुऱ्यात आहे असा डायसचा निरोप आला. करुणावती स्वतः मुदलालीच्या घरी गेली आणि आधी शपथ उतरवा, मग खडा हलवा, असं तिने सांगितलं. मुदलालीने तिला खुर्ची दिली, केळी खायला दिली. “वहिनी, शपथ चोराला लागते,” तो म्हणाला. “आरिया काय चोर आहे? आता तर सगळ्यांना पटलंय.” दिवा लावायला पौर्णिमेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि तोवर गिऱ्हाईक गेलं असतं. मग दुसऱ्या कुणाला तरी नेऊ द्या, ती म्हणाली. ज्याच्या घरी ठेवला त्यानेच न्यायचा, हे तुम्हाला सांगायला हवं का, असं मुदलालीने विचारलं. नियम तोडून पुन्हा संशयाला वाव द्यायला कुणीच तयार नव्हतं, आरियपाल तर मुळीच नाही.

निघायच्या दिवशी त्याने विहिरीवर बसून काथ्याने नखं घासली, रक्त येईपर्यंत. व्यापाऱ्यापुढे हात करायचा होता. ट्रंकेतून पांढरा शर्ट काढून घातला, खडा कमरेला खोचला आणि तिच्याकडे न बघता तो बाहेर पडला. फाटकातून वळताना तो थेट गल्लीतल्या त्या माणसासारखा दिसला. तो तसाच दिसणार होता, पांढऱ्या शर्टात दुसरा कसा दिसला असता? करुणावतीने स्वतःची समजूत घातली आणि हाक मारायला उघडलेलं तोंड मिटलं.

दिवेलागणीला रस्त्यावर मोटार थांबली. लायनलचा गाण्याचा आवाज आला आणि दूर गेला. आरियपाल अंगणातून चालत आला. खडा विकला गेला होता, चांगला विकला गेला होता, आणि सुगतदासने सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली होती, असं त्याने पायरीवरूनच सांगितलं. इतक्या दिवसांनी तो तिच्याशी बोलत होता. तिला रडू आलं.

“आत या ना,” ती म्हणाली.

“बसतो इथेच जरा. वारा बरा आहे.”

वारा नव्हता. तो उंबरठ्यापाशी आला, पाऊल उचललं आणि जिथलं तिथे ठेवलं. पुन्हा उचललं. तो ओशाळवाणा हसला. दाराच्या चौकटीला हात धरून त्याने तिसऱ्यांदा जोर केला, तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा दिसल्या. मग तो तसाच, चौकटीवर हात ठेवून, पायरीवर बसला.

“पाय उचलत नाही गं,” तो म्हणाला.

करुणावती आतल्या बाजूला उभी होती. त्याच्या हाताची नखं स्वच्छ होती. कान बघून काही कळणार नाही हे तिला माहीत होतं.

“करुणा, मीच आहे,” तो म्हणाला.

तिने आत जाऊन ताट वाढलं. भात, फणसाची भाजी, सुकी मासळी. उंबरठ्यावरून ताट पुढे केलं, त्याने ते एका हाताने घेतलं आणि मांडीवर ठेवलं. तो जेवायला लागला. भूक लागलेली होती बिचाऱ्याला. उद्या देवळात जाऊ, पुजाऱ्याला विचारू, असं ती म्हणाली. त्याने मान हलवली. दोघांमध्ये लाकडाची एक पट्टी होती, तिने हात लांब केला असता तर त्याच्या केसांना लागला असता.

तेवढ्यात तिच्या पाठीमागे, आतल्या खोलीत, खाट करकरली.

कुणीतरी जांभई दिली. पाय खाली सोडले.

“कोण आलंय गं?” आतून आवाज आला. झोपेतून उठल्यावर जरा जड होतो तसा, तिच्या नवऱ्याचा आवाज.

बाहेरच्याचा घास हातातच थांबला. त्याने वर बघितलं नाही.

आतला घरात होता, देवाने त्याला अडवलं नव्हतं. बाहेरच्याला अडवलं होतं. आणि बाहेरचा आज सगळ्यांच्या देखत खडा घेऊन गेला होता; खरा असता तरी शपथ त्याला लागलीच असती.

“कुणी नाही,” ती म्हणाली.

“मग दार लावून घे. डास येतात.”

तिने दाराच्या फळीवर हात ठेवला. बाहेरच्याने ताट बाजूला सरकवलं आणि चौकटीवरची आपली बोटं एकेक करून काढून घेतली, दारात चिमटू नयेत म्हणून.